शंकरराव जेवला का?

भाद्रपदातला एक रविवार होता. साल बहुधा २००७ असावे, कारण प्रणव तेव्हा आठवीत होता. माझी नणंद सुलोचना ओट्यापाशी उभी राहून भुट्टे किसत होती. मी बाल्कनीत काचेची टाकी घासत होते आणि टाकीतला रहिवासी, म्हणजे आमचे कासव शंकरराव, सासूबाईंच्या जुन्या पितळी परातीत, चार बोटे पाण्यात, टेबलाखाली बसला होता. माझे पती देवेंद्र पेपर वाचता वाचता चमच्याने परातीच्या काठावर टकटक करीत होते, कारण त्या आवाजाला शंकरराव मान बाहेर काढायचा. सुलोचना म्हणाली, "दादा, आईची परात आहे ती. कणीक मळायची." देवेंद्र म्हणाले, "आता त्यात आजोबा जेवतात." प्रणव हसून खुर्चीवरून पडला. एवढेच झाले. मग आम्ही भुट्ट्याचा कीस खाल्ला.

वकील पूर्णिमा साठे यांनी हा परिच्छेद वाचून सांगितले की मृत्युपत्राची सुरुवात अशी होत नाही. मी म्हटले, वाटण्या पुढे येतीलच. पण काय वाटले जात आहे ते आधी सांगायला नको का? त्यांनी चष्मा पुसला आणि परिच्छेद राहू दिला.

तर मी, वसुंधरा देवेंद्र मुळ्ये, वय वर्षे अडुसष्ट, राहणार स्नेहलतागंज, इंदूर, असे लिहून ठेवते की हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा डोळ्यांवर आहे आणि माझ्या खांद्यावरून वाकून कोणी पाहत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. सप्टेंबरमध्ये पलासियाच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पाहिले आणि कागदावरून नजर न उचलता विचारले, "घर में और कौन-कौन है?" मी सांगितले, शंकरराव. त्यांनी ते लिहून घेतले. तो कासव आहे हे सांगण्याचे मला धाडस झाले नाही. घरी परतताना रिक्षात मात्र एकच विचार होता, आणि हे मृत्युपत्र त्याच विचारापोटी लिहीत आहे: माझ्या मागे त्याला जेवायला कोण घालणार? तो बावीस वर्षांचा आहे. नीट खाऊपिऊ घातले तर अजून पंधरा-वीस वर्षे सहज जगेल. मला डॉक्टरांनी दिलेली मुदत त्यामानाने फारच थोडी आहे.

हा मजकूर मी मराठीत लिहिते आहे. माझे शिक्षण सिस्टर लोकांच्या शाळेत झाले. इंग्रजी अक्षर मोत्यासारखे आणि मराठी वडिलांनी पत्रे लिहून घेऊन शिकवलेली. पूर्णिमाबाईंनी हिंदीत करू या असे सुचवले होते, पण ज्या गोष्टी या घरात मराठीत घडल्या त्या मला दुसऱ्या भाषेत मांडता येणार नाहीत. प्रणवला काही शब्द अडतील. ते त्याने आत्याला विचारावेत. हीसुद्धा एक सूचनाच समजावी.

१. या आधी, सन २०१३ मध्ये, मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द. त्यातले नववे कलम मी स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि ते असे होते: "माझी नणंद सुलोचना हिला माझ्या मालमत्तेतील एक चमचाही देऊ नये. तिने माझ्या अंत्यदर्शनालाही येऊ नये." मृत्युपत्र रद्द केले की कलमही रद्द होते असे वकीलबाई म्हणतात. तरी ते कलम मी इथे पुन्हा उतरवले आहे. ज्याच्यावर एवढा राग धरला, त्याला तो राग होता एवढे तरी कळले पाहिजे. आणि तो कसा गेला तेही.

२. स्नेहलतागंजमधील माझा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझा मुलगा प्रणव याला मिळावा. तो ठेवायचा की विकायचा हे त्याने व आर्याने ठरवावे. आर्या सून म्हणून आली तेव्हापासून या इमारतीत लिफ्ट नाही याची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त आहे. विकताना बाल्कनीच्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा रंगवून टाकल्या तरी चालतील. उजवीकडच्या खुणा प्रणवच्या उंचीच्या आहेत. डावीकडच्या, जमिनीलगतच्या, शंकररावच्या लांबीच्या.

३. बँकेतील ठेवी प्रणवला. पावत्या गोदरेजच्या कपाटात, बनारसी शालूच्या घडीत आहेत. यातून एक ठेव वगळावी. तिच्याबद्दल कलम ७ मध्ये लिहिले आहे.

४. माझ्या पाटल्या व मोत्यांची कुडी आर्याला. मंगळसूत्र मी वापरत नाही, पण मोडलेलेही नाही. तेही तिलाच द्यावे. तिला आवडेल तसे तिने ते मोडावे किंवा ठेवावे.

५. देवेंद्रांची हत्यारे. ते टेलिफोन खात्यात होते, आणि खात्यातल्या माणसाची हत्यारे म्हणजे त्याची दुसरी बोटे असतात. टेस्टर, सोल्डरिंगची इस्त्री, दोन पकडी आणि तो चामड्याचा पट्टा खजराण्याच्या देवळाबाहेर फुलांचे दुकान असलेल्या नंदूला द्यावा. त्याच्या दुकानावरचा बल्ब गेली कित्येक वर्षे नुसत्या तारेवर लोंबकळतो आहे. नंदूचा या हकिकतीशी काय संबंध ते पुढे येईल.

६. आता शंकरराव. वकीलबाईंनी समजावले की कायद्याच्या दृष्टीने कासवाला काही देता येत नाही. उलट कासवच कोणाला तरी द्यावे लागते. पण तो कोण आणि कसा आला ते सांगितल्याशिवाय तो कोणाला का दिला हे समजणार नाही.

प्रणवच्या नवव्या वाढदिवसाला देवेंद्रांनी त्याला आणले. तेव्हा तो दोन रुपयांच्या नाण्याएवढा होता, कानामागे लाल पट्टा, परदेशी जातीचा. दुकानदार म्हणाला, "कुछ भी खा लेता है, भिया." या एका वाक्याने त्याचा जीव जवळजवळ घेतला. देवेंद्रांच्या आजोबांचे नाव शंकरराव. कोणी काही मागायला आले की ते मान आत ओढून घेत, असे घरात सांगत. म्हणून हे नाव. सुलोचना चार दिवस दादाशी बोलली नव्हती. पुढे २००९ मध्ये शंकररावने वाळूत चार अंडी घातली. देवेंद्रांनी मजल्यावर जिलबी वाटली आणि सुलोचनेला फोन केला, "सुलू, आजोबा बाळंत झाले." तेव्हा नाव बदलायला हवे होते. पण सहा वर्षे ज्याला शंकरराव म्हटले त्याला शकुंतला कोण म्हणणार? त्यामुळे या मृत्युपत्रात मी त्याला "तो"च म्हटले आहे.

पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगितले की कासवाला जिवंत मासे लागतात. देवेंद्रांनी पाच छोटे मासे पिशवीतून आणले आणि टाकीत सोडले. संध्याकाळपर्यंत प्रणवने पाचही माशांना नावे ठेवली होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तर तीन नव्हते. तो रडला नाही. टाकीसमोर बसून त्याने ती तीन नावे एकदा मोठ्याने म्हटली. देवेंद्र उठले, उरलेले दोन मासे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काढले आणि म्हणाले, "या घरात यापुढे जिवंत कोणी कोणाला खायचं नाही." ते दोन मासे दीड वर्ष जगले. हा नियम मात्र अजून चालू आहे.

मग सुलोचनेने त्याला शाकाहारी करायला घेतले. कासव म्हणजे विष्णूचा अवतार, अवताराला मासळी कशी द्यायची? पोळीचे तुकडे, दूधभात, एकादशीला साबुदाणा. मीही विरोध केला नाही. मला वाटले खातो आहे म्हणजे पचते आहे. वर्षभरात त्याचे कवच अंगठ्याने दाबले की दबू लागले आणि डोळे सुजून बंद झाले. महूच्या पशुवैद्यांनी त्याला तळहातावर घेतले आणि आम्हा तिघांना शाळेतल्या मुलांसारखे उभे करून सांगितले की जिवंत भक्ष्य याला अजिबात लागत नाही, पण पोळीही लागत नाही. लागते ते कॅल्शियम, पिवळ्या-केशरी भाज्या, पाला, थोडे प्राणिज आणि ऊन. सुलोचना बाहेर येऊन जिन्यात बसली. म्हणाली, "मी प्रेमानं भरवलं हो, वहिनी." मी म्हटले, मीही उभी राहून पाहतच होते ना.

त्या दिवसापासून त्याचे खाणे देवेंद्रांनी हातात घेतले. ड्यूटीवर असले तरी संध्याकाळी सात वाजता एक्स्चेंजमधून घरी फोन करायचे आणि पहिला प्रश्न हा, "शंकरराव जेवला का?" मी सांगायची, काय खाल्ले, काय सोडले. मग ते म्हणायचे, "आणि तू?" पण ते नंतर.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये ते दवाखान्यात दाखल झाले आणि घरी परत आले नाहीत. एक्केचाळीस दिवस. प्रणव बारावीत होता. त्याच्यासाठी आणि शंकररावसाठी सुलोचना आमच्या घरी येऊन राहिली. तिने खजराण्याला दादासाठी नवस बोलला, देवळामागच्या भिंतीवर उलटा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. इच्छा पुरी झाली की तो सुलटा करायचा असतो. रांगेत कोणी बाई भेटली. ती म्हणाली, घरात मुका जीव कोंडलेला असेल तर त्याची हाय लागते, त्याला मोकळे करा. सुलोचनेने त्याच दिवशी शंकररावला पिशवीत घातले आणि खजराण्याच्या पलीकडच्या, गावाबाहेरच्या एका तलावात सोडून आली.

मी आंघोळीला घरी आले तर टाकी रिकामी. ती हात जोडून उभी होती. "सोडलं मी त्याला, वहिनी. दादाची पीडा सुटेल." मी तिला त्याच पावली घराबाहेर काढले. एवढेच सांगितले की तुझ्या दादाला हे कळता कामा नये, कळले तर तू आमची कोणी नाहीस.

संध्याकाळी सात वाजता त्यांनी खाटेवरून विचारले, "शंकरराव जेवला का?" मी म्हटले, हो. काय? मी म्हटले, लाल भोपळा. आणि त्या दिवसापासून रोज खोटे बोलत राहिले. खोटे मला सफाईने जमत नसे. सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, वसुंधराचे कान तिच्या आधी कबूल करतात. म्हणून मी रोज सकाळी घरी येऊन खरोखर भोपळा किसायची, पाला चिरायची, परातीत मांडायची आणि मग खाली गाईला घालून दवाखान्यात जायची. म्हणजे निदान पदार्थांची नावे तरी खरी असत. "गाजर सोडलं त्यानं," मी म्हणायची. "मग उद्या अजून बारीक किस," ते म्हणायचे. शेवटच्या संध्याकाळी त्यांचा आवाज ओठांपाशीच राहिला होता, पण प्रश्न मला ओळखू आला. मी म्हटले, जेवला, पोटभर. ते म्हणाले, "मग झालं."

मी चौदा वर्षे असे मानले की माझ्या नवऱ्याशी बोललेले माझे शेवटचे वाक्य खोटे होते आणि ते सुलोचनेने माझ्या तोंडी घातले. कासवासाठी कोणी चौदा वर्षे बोलणे टाकत नाही. मी टाकले ते यासाठी.

त्यात भर म्हणजे तेराव्याला ती आली, माणसांत बसली, आणि जाताना ओट्याखालची पितळी परात पदराआड घेऊन गेली. मी खिडकीतून पाहिले. भाऊ जाऊन तेरा दिवस झाले नाहीत तर ही आईची भांडी गोळा करते आहे, असे मला वाटले. नववे कलम त्या परातीने लिहवून घेतले.

होळीनंतर नंदू शंकररावला बादलीत घालून घेऊन आला. मी त्या भागातल्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या होत्या. "तलाव के किनारे मिला, ताई," एवढेच म्हणाला. शंकरराव वाळला होता, पण होता. दर दिवाळीला मी नंदूला फराळ नेऊन दिला, चौदा वर्षे.

या सप्टेंबरात प्रणवशी बोलले. तो बंगळुरूला आहे, पुढल्या वर्षी कदाचित अजून लांब जाईल. तो म्हणाला, "आई, मी एखादं चांगलं रेस्क्यू सेंटर बघतो." त्याचा दोष नाही. म्हणून मी नंदूकडे गेले. ज्याला सापडला त्यालाच द्यावा. नंदूने हातातला हार खाली ठेवला. म्हणाला, "ताई, मैं तो बस लेके आया था. ढूंढा तो दीदी ने. चार महीने रोज आती थी, परात लेके. किनारे पे बैठ के बजाती थी. लोग पागल बोलते थे. मेरे को कसम दी थी कि नाम मत लेना."

मी तशीच सुदामा नगरला गेले. सुलोचनेच्या खोलीत परात भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती, काठावर पोचे पडलेली. तिने मला पाणी दिले आणि पंखा लावला.

मग ती बोलली. थंडीत तो येणारच नव्हता; तळाशी जाऊन पडतात, हे तिला नंतर कळले. तरी ती जात राहिली. मार्चमध्ये ऊन तापले आणि एका दुपारी टकटक ऐकून मान वर आली. मी विचारले, परात वाजवायचे तुला कसे सुचले? ती म्हणाली, "मला नाही सुचलं. दादानं सांगितलं."

मला वाटले मी चुकीचे ऐकले.

"तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात, दुसऱ्याच दिवशी. मी सगळं सांगितलं त्याला. मला राहवेना. तो रागावला नाही हो. म्हणाला, परात घेऊन जा, काठावर वाजव, येईल तो. पण परात तुमच्या घरात, आणि मला दार बंद."

मी विचारले, म्हणजे त्यांना माहीत होते? मग रोज मला का विचारत होते?

सुलोचनेने पदर डोळ्यांना लावला. "पुन्हा भेटायला गेले तेव्हा मीही त्याला हेच विचारलं. तर म्हणाला, सुलू, दिवसभर ती रिपोर्ट वाचते. संध्याकाळी मला त्याचं जेवण सांगते, तेवढा वेळ तिचा चेहरा घरच्यासारखा होतो. तू तिला सांगू नकोस."

तो सातिया अजून उलटाच आहे, असेही ती म्हणाली.

म्हणून माझे कासव, शंकरराव नावाचे, मी माझी नणंद कुमारी सुलोचना हिच्या शंभर टक्के मालकीचे करून देते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "माझ्या घरात मासळीच्या वासाचं खाणं?" आणि मग थोड्या वेळाने, "डब्याचं झाकण घट्ट असतं ना?" वकीलबाई म्हणतात, याला संमती धरता येईल. तिच्या पश्चात तो प्रणवकडे जावा. तोवर प्रणव कुठे तरी स्थिरावला असेल.

७. कलम ३ मध्ये वगळलेली ठेव सुलोचनेला. तिचे व्याज शंकररावचे खाणे, उबेचा दिवा आणि डॉक्टर यांवर खर्च करावे. उरले तर तिने स्वतः काही चांगलेचुंगले खावे. ती एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा करते, हे मी तिच्या ओट्यावरून ओळखले आहे.

८. जेवण. हे कलम सुलोचनेने फ्रिजवर लावावे.

त्याला जिवंत काहीही देऊ नये. मासा, किडा, कोणीच नाही. त्याला शिकारीची गरज नाही, पोषणाची आहे. आता तो प्रौढ आहे, तेव्हा ताटातला मोठा भाग पाल्याचा असावा: शेवग्याचा कोवळा पाला, मोहरीची पाने, जास्वंदीची पाने आणि फुले. जास्वंद नंदूकडची घेऊ नये, तिच्यावर औषध मारलेले असते. माझी कुंडी न्यावी. पालक क्वचितच, तो कॅल्शियम अडवतो. डोळ्यांसाठी लाल भोपळा आणि गाजर, बारीक किसून. जाड किसले तर सोडतो. आठवड्यातून तीनदा कासवाचे पेलेट, म्हणजे डब्यातले दाणे, त्याच्या डोक्याएवढ्या मापाचे, त्याहून जास्त नाही. तो मागत राहील. तो कायम मागत असतो, त्याच्या नजरेला भुलू नये. मीठ नसलेले सुकट महिन्यातून दोनदा; ते प्रणव पाठवील आणि सुलोचनेने नाकाला रुमाल बांधून द्यावे. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात कायम तरंगत असू द्यावा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, कशाला हवा ते सांगू नये, दुकानदार आपल्यालाच खायला सांगतो.

पोळी नाही. दूध नाही. साबुदाणा नाही, आषाढी असली तरी नाही.

तो पाण्यातच गिळू शकतो, म्हणून परातीत पाणी घालून त्यात जेवण द्यावे. टाकी स्वच्छ राहते. सकाळचे ऊन अर्धा तास, काचेतून नव्हे, उघडे. शेजारी सावली हवी. थंडीत पाणी कोमट ठेवावे आणि खाणे कमी झाले तर घाबरू नये. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

आणि त्याला कुठेही सोडू नये. हे मी रागाने लिहीत नाही. तो इथल्या तळ्यांतला नव्हे. तिथे तो तिथल्या कासवांच्या वाट्याचे खाईल. त्याची सुटका तलावात नाही. कोणी रांगेत काही सांगितले तर म्हणावे, हा कोंडलेला नाही, हा राहतो.

९. नववे कलम मी मुद्दाम याच कामासाठी राखले. पितळी परात सुलोचनेची आहे. ती पूर्वीपासून तिच्याकडे आहे आणि तिने ती चोरलेली नाही, असे मी लिहून देते. माझ्या अंत्यदर्शनाला तिने यावे. शक्य असेल तर पुढे उभे राहावे. तिथून घरी जाऊन आधी त्याला खायला घालावे.

१०. दिवसकार्याचा घोळ घालू नये. दहावा, तेरावा प्रणवला जमेल तेवढाच. माझी पुस्तके आणि इंग्रजी शब्दकोश ज्या शाळेत मी शिकले तिथल्या वाचनालयाला द्यावेत. शब्दकोशात काही पानांवर वाळलेली जास्वंदीची पाने आहेत. ती झटकून टाकावीत.

११. शेवटचे. बैठकीतला टेलिफोन अजून चालू आहे. मी तो कधी बंद केला नाही. सात वाजता कोणाचा येईल अशी आशा होती असे नाही, पण बंद करण्याचा अर्जही मला लिहिता आला नाही. गेल्या चौदा वर्षांत मला तो प्रश्न कोणी विचारला नाही. शंकरराव रोज जेवला आणि मी ते कोणाला सांगितले नाही. जेवू घालणे कठीण नसते. ते कोणाला सांगायला नसणे कठीण असते. माझ्या जागी आता सुलोचना येईल, आणि तिच्याही घरात दुसरे कोणी नाही.

म्हणून तो टेलिफोन आणि त्याची लाइन सुलोचनेच्या घरी बदलून द्यावी; अर्ज प्रणवने करावा. आणि प्रणव याला मी फ्लॅट, ठेवी व कपाटापेक्षा मोठी अशी एक वस्तू देते, जी त्याच्या वडिलांची होती: संध्याकाळी सातची वेळ. जगात कुठेही असलास तरी, बाळा, इथले सात वाजले की आत्याला फोन करावा आणि विचारावे, "शंकरराव जेवला का?" दुसरे काही सुचले नाही तरी चालेल. मग विचारावे, "आणि तू?"

ती जे सांगेल ते खरे मानावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि खालील दोघांच्या समोर, माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून सही केली. त्या दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. चहा मात्र मिळाला. सही करताना टाकीतून पाण्याचा आवाज येत होता.

(सही) वसुंधरा देवेंद्र मुळ्ये

साक्षीदार:
१. (सही) वासुदेव गणेश तारे, पहिला मजला, याच इमारतीत
२. (सही) अंबिका वासुदेव तारे, पत्ता वरीलप्रमाणे

मसुदा पाहिला: (सही) पूर्णिमा साठे, वकील

स्थळ: स्नेहलतागंज, इंदूर
दिनांक: ७ डिसेंबर २०२५